डिस्पोजलची गाडी

जुन्या पिढीच्या बोलण्यात 'डिस्पोजल' हा शब्द वारंवार येत असे. डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलचे ब्लँकेट, डिस्पोजलचा तंबू, डिस्पोजलची मोटार. घरात मराठी बोलणारे आणि उर्दू बोलणारे, दोघेही तो सारख्याच सहजपणे वापरीत आणि तो इंग्रजी आहे याची कोणाला आठवणही नसे. आजच्या मुलांना हा शब्द विचारला तर ती दवाखान्यातली एकदा वापरून फेकायची सुई किंवा लग्नातला प्लास्टिकचा ग्लास सांगतात. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र पार उलटा झाला. तेव्हाची डिस्पोजलची वस्तू फेकण्यासाठी नव्हतीच. ती एकदा घेतली की दोन पिढ्यांना पुरवायची, असा रिवाज होता.

हा शब्द आला दुसऱ्या महायुद्धातून. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. 1945 ते 1947 हा काळ शिकवताना नौदलाचे बंड, कॅबिनेट मिशन, फाळणी या पायऱ्या ठरलेल्या असतात, आणि त्या ठरलेल्या असाव्यात यात शंका नाही. पण त्याच वर्षांत युद्धासाठी या देशात जमा झालेली प्रचंड सामग्री मोकळी झाली, ती लिलावात निघाली आणि खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली. एका अर्थाने सर्वसामान्य माणसाच्या दारात मोटार प्रथम उभी राहिली ती या मार्गाने. पाठ्यपुस्तकात याला एक ओळही नाही. ज्यांनी त्या गाड्या चालत्या ठेवल्या, त्यांना तर नाहीच नाही.

आधी त्या गाड्यांची ओळख करून घेऊ. सर्वांना ठाऊक आहे ती जीप. अमेरिकेत बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीने सप्टेंबर 1940 मध्ये तिचा पहिला नमुना अवघ्या सात आठवड्यांत तयार करून लष्कराला दिला. लष्कराला तो पसंत पडला, पण इतक्या छोट्या कारखान्यातून हव्या तेवढ्या गाड्या मिळणार नाहीत म्हणून आराखडा विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनाही दाखवला गेला. युद्ध संपेपर्यंत त्या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारही आल्या नाहीत, तिला पुढे मुख्यतः जीपमागे जोडायचे ट्रेलर बनवण्याचे काम उरले. पहिला नमुना करणाऱ्याचे नाव मागे पडणे ही या कहाणीतली पहिली घटना. पुढे ती अनेकदा घडणार आहे.

जीपचा थोरला भाऊ म्हणजे डॉजचा पाऊण टनी 'वेपन कॅरियर'. हा खरा पिकअप. पुढे दोन माणसांची जागा, मागे उघडा हौदा, हौद्यात दोन्ही बाजूंना घडीची बाके, वर ताडपत्री आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर. इंजिन सहा सिलिंडरचे, 3.8 लिटरचे, 92 अश्वशक्तीचे. या इंजिनाविषयी थोडे थांबून सांगायला हवे, कारण सारा इतिहास त्यातच आहे. आज ज्याला मिस्त्री 'हेड' म्हणतात त्यात व्हॉल्व्ह असतात. डॉज आणि जीपच्या त्या इंजिनात व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी उभे असत. त्यामुळे हेड म्हणजे नुसते झाकण. बोल्ट सोडले, झाकण उचलले, की पिस्टन आणि व्हॉल्व्ह डोळ्यांसमोर. इंधन जास्त खाणारी आणि ताकद कमी देणारी ही रचना जगाने पुढे सोडून दिली. पण ज्याच्याकडे पाने, हातोडी आणि डोळे एवढीच हत्यारे होती, त्या माणसाला तिने इंजिन शिकवले. झाडाखाली उघडता येणारे इंजिन होते ते.

तिसरी जात कॅनडाची. फोर्ड आणि शेव्हर्ले बनावटीचे, बसक्या नाकाचे लष्करी ट्रक. कॅनडाने युद्धकाळात आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने तयार केली आणि त्यांतली बरीच ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांकडे, म्हणजे आपल्याकडेही आली. मुंबईला या कामाची सवय होती. शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना 1928 पासून चालू होता. गाड्या सुट्या भागांत, खोक्यांत बंद होऊन बंदरावर उतरत आणि इथले हात त्या जोडीत. मुंबईच्या कामगाराला मोटारीचे अंतरंग माहीत झाले ते आधी अशा जुळणीतून.

आणि मग तिकडे पूर्वेला लेडोचा रस्ता. आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा हा रस्ता अमेरिकन इंजिनियरांनी डिसेंबर 1942 मध्ये हाती घेतला. 12 जानेवारी 1945 रोजी लेडोहून निघालेला पहिला ताफा 4 फेब्रुवारीला चीनमधल्या कुनमिंगला पोहोचला. पुढे ऑगस्टमध्ये युद्धच संपले. ज्या रस्त्यासाठी एवढी वाहने बोटींतून आणली, त्या रस्त्याला आता काम उरले नाही. वाहने परत नेण्याचा खर्च त्यांच्या किमतीला परवडणारा नव्हता, आणि नेऊन तिथे विकली असती तर तिथल्या मोटार कारखान्यांचा नवा माल पडून राहिला असता. मे 1946 मध्ये अमेरिका आणि भारत सरकार यांच्यात युद्धकाळातल्या देण्याघेण्याचा निकाल लागला, आणि इथली अमेरिकन सामग्री भारत सरकारच्या हाती आली. ब्रिटिशांचे स्वतःचे जास्तीचे सामान होतेच. ते विकणाऱ्या खात्याच्या नावात 'डिस्पोजल्स' होते. स्वातंत्र्यानंतर हे काम पुरवठा आणि विल्हेवाट महासंचालनालयाकडे राहिले आणि ते कार्यालय थेट 2017 साली बंद झाले. असा हा शब्द सरकारी पाटीवरून मोहल्ल्यात उतरला.

या गाड्या कोणी घेतल्या? जंगलाचे ठेकेदार, रस्त्याचे कंत्राटदार, बागायतदार, माल वाहणारे. ज्याला नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती आणि बैलगाडीवर भागत नव्हते, त्याने घेतल्या. त्या काळी एस.टी. नव्हती. पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली ती 1 जून 1948 रोजी. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षे, कच्च्या रस्त्याच्या गावाला बाजाराच्या दिवशी अशाच एखाद्या हौद्यात उभे राहून जावे लागे. अमेरिकन गाडी म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. आपली वाहतूक डाव्या बाजूने, त्यामुळे चालक खड्ड्याच्या काठावर बसलेला आणि समोरून येणारे वाहन त्याला दिसेनासे. पाठीमागे मोठ्या अक्षरांत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' लिहिलेले असे, तो इशारा कमी आणि दुआ जास्त असावी.

इथे एका कंपनीची कहाणी सांगणे भाग आहे, कारण वाचकांपैकी अनेकांना ती अर्धीच ठाऊक असते. 2 ऑक्टोबर 1945 रोजी एक पोलाद व्यापाराची कंपनी स्थापन झाली. नाव महिंद्र अँड मोहम्मद. जे. सी. महिंद्र आणि के. सी. महिंद्र हे दोघे भाऊ आणि तिसरे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. अलीगढला शिकलेले आणि रेल्वेच्या हिशेब खात्यातून वर आलेले हे गृहस्थ अर्थकारणातले जाणकार समजले जात. 1947 साली ते पाकिस्तानला गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. 1951 मध्ये लियाकत अली खान यांच्या हत्येनंतर ते गव्हर्नर जनरल झाले आणि 1954 मध्ये त्यांनी तिथली संविधान सभाच बरखास्त केली. त्या कृत्याचे परिणाम पाकिस्तान आजही भोगतो आहे, असे मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. पण तो वेगळा विषय. इकडे 1948 मध्ये कंपनीच्या नावातला मोहम्मद गेला आणि त्या जागी दुसरा महिंद्र आला. आद्याक्षरे तीच राहिली.

के. सी. महिंद्र युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख होते आणि तिथेच जीप त्यांच्या नजरेत भरली. चाळिसाच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीजच्या जीपांची जुळणी सुरू झाली. आमच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की डिस्पोजलच्या जीपांना त्यामुळे सुटे भाग मिळू लागले. तशीच सोय डॉजच्या बाबतीत झाली. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला 1947 पासून गाड्या जुळू लागल्या आणि डॉज, फार्गो ही नावे रस्त्यावर रुळली. आज कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडला जुन्या गाड्यांच्या भागांची जी भली मोठी बाजारपेठ आहे ती काही आकाशातून पडली नाही. जिथे कारखाना, तिथे भाग. जिथे भाग, तिथे मिस्त्री.

मिस्त्री आला की आपण आला. मोटार दुरुस्तीच्या धंद्यात मुसलमान कारागीर किती, हे सांगायला मोजणीची गरज नाही, कोणत्याही शहरातल्या कोणत्याही गॅरेजच्या रांगेतून एकदा चालून यावे. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने मुसलमान कामकरी पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर अधिक अवलंबून असल्याचे दाखवले, त्याचे हे एक रूप. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. नालबंद, लोहार, कल्हईवाले, टांगेवाले यांचे धंदे मोटारीने खाल्ले. ज्याने धंदा खाल्ला त्याच्याकडेच रोजी मागायला हे लोक गेले. या धंद्यात शिरायला दाखला लागत नव्हता, भांडवल थोडे लागे आणि शिकवणारा उस्ताद आपल्याच मोहल्ल्यातला असे. शागिर्दाने पहाटे दुकान झाडायचे, चहा आणायचा, रॉकेलमध्ये नटबोल्ट धुवायचे. दोन-तीन वर्षांनी एक दिवस उस्ताद म्हणणार, 'चल, आज तू हेड खोल.' हीच त्याची पदवी. आम्ही बी.एड. केले तेव्हा 'कृतीतून शिक्षण' या विषयावर पानेच्या पाने लिहिली होती. ती लिहिताना ज्या गॅरेजांवरून आम्ही रोज कॉलेजला जात होतो, त्यांचा उल्लेख कोणत्याही पुस्तकात नव्हता.

पन्नास आणि साठच्या दशकांत आयातीवर बंधने होती. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून जुनी गाडी मरू देणे परवडणारे नव्हते. आज ज्याला हौशी लोक 'मॉडिफिकेशन' म्हणतात, त्याचा जन्म इथे झाला, आणि तो हौसेतून झाला नाही. युद्धकाळातली बहुतेक इंजिने पेट्रोलची. डिझेल स्वस्त आणि कमी लागणारे. 1973 च्या तेलसंकटात पेट्रोल भडकले तेव्हा तर पेट्रोलचा लष्करी ट्रक पोसणे म्हणजे दारात हत्ती बांधणे झाले. मग पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे बसवायचे. सांगायला हे एक वाक्य आहे, करायला महिना लागतो. नव्या इंजिनाचे पाय चासीवरच्या जुन्या जागांवर बसत नाहीत, ते नव्याने तयार करावे लागतात. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या तोंडाची भोके जुळत नाहीत, मधे जाड पत्र्याची चकती खरादावर कातून घालावी लागते, आणि तिचे केंद्र केसाएवढे जरी सरकले तरी क्लच आणि बेअरिंग काही दिवसांत बोलू लागते. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एक-दोन पाने वाढवायची. ते फिरते सावकाश, पण ओढते जोरात, म्हणून डिफचे दाते बदलावे लागतात, नाहीतर गाडी बैलाच्या चालीने चालते. रेडिएटर, पंखा, सायलेन्सर, ब्रेक, एकाला हात लावला की दुसऱ्याला लावावाच लागतो. हौसेखातर किंवा सोयीसाठी स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणायचे असेल तर आणखी वेगळे गणित. हे सगळे करणाऱ्या माणसाकडे नकाशा नव्हता. अनेकांना वाचताही येत नव्हते.

पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेंपो कंपनी मर्सिडीजच्या परवान्याने एक डिझेल इंजिन बनवू लागली आणि गॅरेजवाल्यांची मोठी सोय झाली. मॅटाडोर भंगारात निघाली की तिचे इंजिन जीपमध्ये जाई. अमेरिकन हाडे, जर्मन काळीज आणि मालेगावचा टाका, अशी गाडी महाराष्ट्राच्या रस्त्यांवर कितीतरी वर्षे धावली आणि तिला कोणी परदेशी म्हटले नाही.

दरम्यान लष्कराने स्वतःची वाहने देशात बनवायला सुरुवात केली होती. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत 1959 साली जर्मन परवान्याचा शक्तिमान ट्रक तयार झाला. पाठोपाठ जपानच्या निसानचा एक टनी ट्रक आला. हा निसान दिसायला अमेरिकन डॉजसारखाच, कारण तो डॉजच्या लष्करी ट्रकच्या धर्तीवर बेतलेला होता. म्हणजे डिस्पोजलचा तो पिकअप जपानमार्गे पुन्हा आपल्याकडे आला. 1969 पासून जोंगा बनू लागली. हे नाव जपानी वाटते, पण ते जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्लीच्या इंग्रजी आद्याक्षरांचे आहे. मूळ गाडी निसानची पेट्रोल, जवळजवळ चार लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन. 1999 मध्ये तिचे उत्पादन थांबले. लष्करातून निवृत्त झालेल्या जोंगा आणि निसान लिलावांतून बाहेर आल्या आणि डिस्पोजलची दुसरी लाट सुरू झाली. पहिल्या लाटेत गाडी घेणारा गरजू होता, या लाटेत हळूहळू हौशी आला. 2019 साली महेंद्रसिंग धोनी रांचीत जोंगा चालवताना दिसला तेव्हापासून तर आमच्या नववीच्या मुलांनाही हे नाव पाठ झाले.

अशीच एक एक टनी निसान आग्रा रोडवरच्या एका गॅरेजात दोन उन्हाळे उभी होती. मालक तरुण, शेतीवाडी असलेला, जुन्या गाडीला मूळ रूप द्यावे असे त्याच्या मनात. मिस्त्री आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील, त्यांचे वडीलही याच जागेवर मिस्त्री होते. सुट्टीत आम्ही तिथे अनेकदा जाऊन बसलो. इतिहासाच्या माणसाने एकदा तरी जुन्या गाडीचा रंग खरवडताना पाहावा. वरचा थर निळा, तो शेतकरी मालकाचा. त्याखाली पिवळा, कंत्राटदाराचा. मग रेड ऑक्साइड. त्याखाली लष्करी हिरवा. आणि पुढच्या बंपरवर, सगळ्यांच्या तळाशी, वर तोंड केलेला पांढरा बाण. लष्करी वाहनाच्या क्रमांकाआधी असतो तोच. बाणापुढे 7 हा आकडा दिसला, त्याच्या पुढचा गंजाने खाल्लेला. त्या दोन आकड्यांत गाडीचे साल असते. कागद नसलेल्या गाडीची जन्मतारीख अशी अर्धीच हाती आली.

मालकाला गाडी पुन्हा लष्करी हिरवी हवी होती. मिस्त्रींनी मान हलवली. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 121 वा नियम आहे, संरक्षण खात्याची नसलेली कोणतीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवता येत नाही. नियमाचा क्रमांक मिस्त्रींना माहीत नव्हता, नियम मात्र पक्का ठाऊक होता. शेवटी मातकट रंग ठरला.

खरा प्रश्न इंजिनाचा होता. निसानमध्ये ऐंशीच्या दशकातच डिझेल इंजिन बसवलेले. मूळ रूप द्यायचे तर ते काढून पुन्हा पेट्रोल घालावे लागणार, म्हणजे चासीवर वेल्डिंगने जोडलेले इंजिनाचे पाय कापावे लागणार. मिस्त्री गाडीखाली गेले, बॅटरी धरून बराच वेळ पाहत राहिले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "सर, ये टाका अब्बा का है." आम्ही विचारले, कशावरून? त्यांचे म्हणणे असे की प्रत्येकाचा वेल्डिंगचा हात वेगळा असतो. अब्बा उजव्या डोळ्याने अधू होते, त्यामुळे त्यांची ओळ शेवटी थोडी डावीकडे वळे. ती इथे वळलेली आहे. आम्हीही खाली वाकून पाहिले. ओळ वळलेली होती. पाय आणि चासी यांच्यामधला तो दोन बोटे रुंद धातू चाळीस वर्षांत तडकला नव्हता.

मालकाचे म्हणणे चुकीचे नव्हते. जिच्यात मूळ इंजिन नाही ती मूळ गाडी कशी? पण आम्हाला प्रश्न पडला तो असा की गाडीचे मूळ रूप म्हणजे नेमके कोणते? जबलपूरहून निघाली तेव्हाचे की तिने आयुष्यातली सर्वांत जास्त वर्षे ज्या रूपात काढली ते? लष्करात ती दहा-बारा वर्षे असेल. उसाच्या मोळ्या आणि वाळू वाहत, डिझेलवर, तिने जवळपास चाळीस काढली. किल्ल्याच्या बाबतीत आपण बहमनी बुरूज, निजामशाही दरवाजा आणि मराठा काळातली डागडुजी हे सगळे थर जपतो, मागचे खरे आणि पुढचे खोटे असे म्हणत नाही. गाडीला वेगळा न्याय का?

कायद्याने मात्र तो वेगळा लावला आहे. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली गाडी, 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी, नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येईल. अट ही की गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसावा. नियमामागचा हेतू चांगला आहे, महाराजांच्या गॅरेजातली रोल्सराइस त्यामुळे वाचेल. पण गरिबाच्या गाडीला हा नियम लागूच होत नाही, कारण ती बदल केल्यामुळेच जगली. ज्या बदलाने तिला वाचवले, तोच तिला वारसा ठरू देत नाही. दुसरीकडे बदल करण्याचा रस्ताही अरुंद झाला आहे. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितले की कारखान्याच्या मूळ नमुन्याशी विसंगत बदल करता येणार नाही. सुरक्षेच्या दृष्टीने यात तथ्य आहे. ब्रेक न बदलता नुसती चाके मोठी करणारी हौशी पोरे आम्हीही पाहतो. पण त्यामुळे उस्तादाचे शहाणपण आणि पोराचा उच्छाद एकाच रांगेत उभे राहिले. एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या फेरनोंदणीचे शुल्कही कितीतरी पटींनी वाढले.

फिलिपाइन्सचा दाखला इथे आठवतो. अमेरिकनांनी मागे ठेवलेल्या जीपा तिथल्या लोकांनी लांब केल्या, मागे समोरासमोर बाके टाकली, छत चढवले, रंगवले, आणि 'जीपनी' नावाचे सार्वजनिक वाहन जन्माला आले. पूर्वी घोडागाडी हाकणाऱ्या लिओनार्दो साराव यांनी 1953 साली मनिलाजवळ काढलेला त्याचा कारखाना प्रसिद्ध झाला. तिथे बदललेली गाडी हीच देशाची ओळख मानली गेली. 2017 पासून तिथल्या सरकारने नव्या, कमी धुराच्या गाड्यांचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा जीपनीवाले संपावर गेले. टांगेवाल्याने जीपनी केली, तिचा कर्ता म्हणून त्याचे नाव नोंदले गेले. आपल्याकडे टांगेवाल्यांच्या मुलांनी जे केले त्याची नोंद कुठे आहे? आर.सी. बुकात मालकाचे नाव असते, चासी नंबर असतो, इंजिन नंबर असतो, बदल झाला असेल तर तोही चढवलेला असतो. तो कोणी केला याचा रकाना नसतो.

निसानच्या इंजिनाचा निकाल अखेर इतिहासाने लावलाच नाही. मालकाने मूळ पेट्रोल इंजिनाची चौकशी केली, एक मिळालेही. मग कोणीतरी त्याला सांगितले की ते लिटरला तीन-चार किलोमीटर देईल. 2021 पासून आपल्या राज्यात पेट्रोल शंभरीच्या वर आहे. मालकाने कागदावर हिशेब केला, दोनदा केला, आणि डिझेल राहू द्यायचे ठरले. पाय कापले गेले नाहीत. मिस्त्रींनी फक्त गंज घासून काढला आणि त्या टाक्यावर रेड ऑक्साइडचा हात मारला. नंतर सगळी चासी काळी केली तेव्हा तोही काळा झाला. व्हिंटेजची पाटी तिला मिळणार नाही. ती साध्या नंबरावर, साध्या गाडीसारखी चालते.

गेल्या वर्षी आम्ही नववीच्या मुलांना एक काम दिले. घरात, दुकानात वडील, चाचा, मामू जे शब्द वापरतात ते हत्यारांसकट लिहून आणा. बहुतेकांनी यंत्रमागाचे शब्द आणले, सात-आठ मुलांनी गॅरेजचे. पेचकस, प्लास, छिन्नी, पाना, जॅक, हँडल. डिफरन्शियलचे 'डिप्रेंशल', सायलेन्सरचे 'सलंसर', कार्बुरेटरचे 'कारबोटर'. उर्दूत ज्याला रेती म्हणतात त्या हत्याराला मराठीत कानस म्हणतात, आणि मराठीत रेती म्हणजे वाळू, यावरून वर्गात बराच हशा झाला. खरादी आणि कातारी हे एकच काम करतात हेही त्यांना नव्याने कळले. मिस्त्रींच्या मुलाने 112 शब्द आणले. वडिलांना विचारून विचारून, उर्दूत, वहीच्या चार पानांवर. शेवटच्या पानावर त्याने एक शब्द लिहून त्यापुढे अर्थाची जागा मोकळी सोडली होती. शब्द होता 'डिस्पोजल'. अब्बांना विचारले तेव्हा ते म्हणाले, दादांच्या वेळचा आहे, सरांनाच विचार.